मूठभर तांदळाचा शब्द

मत टाकताना तुमचा देव कुठं असतो? खरं सांगा. तो तुमच्याबरोबर बूथच्या आत येतो, की त्याला बाहेर चपलांपाशी बसवून तुम्ही एकटेच आत जाता? आणि आलाच आत, आणि एका कानात एक सांगितलं न् दुसऱ्या कानात दुसरं, तर बोट कुठल्या बटणावर ठेवता?

घाईनं उत्तर देऊ नका. मुरबाडवरून माळशेजकडे निघालात की वैशाखऱ्याच्या अलीकडे डाव्या हाताला एक कच्चा रस्ता आत शिरतो. तीन किलोमीटर आत उंबरखोरं नावाचं गाव आहे. तिथल्या काशीला गेल्या कार्तिकात हाच प्रश्न पडला आणि दहा दिवस तिच्या पायाला भिंगरी लागली. शहरातले शहाणे म्हणतात, खेड्यातली बाई देवभोळी, कुणी नारळ हातात ठेवला की बटण दाबून मोकळी. त्यांनी तरी हे कान देऊन ऐकावं.

काशी अठ्ठावन्न वर्षांची. माहेर शहापूर तालुक्यातलं, शेणव्याचं. अंगानं काटकुळी, उंच, पदर कायम कमरेला खोचलेला. बसली तरी एक गुडघा उभा, म्हणजे उठायला वेळ लागू नये. लग्न होऊन उंबरखोऱ्यात आली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून मंगळवारी आणि शुक्रवारी गावदेवीचा दिवा तीच लावते. नवरा गेल्यावर काही बायकांनी कुजबुज केली की विधवेनं देवीचा दिवा लावू नये. काशीनं ती कुजबुज भर पाणवठ्यावर ऐकली न् तिथंच विचारलं, देवीला तरी नवरा कुठं हाय, मग तिलाबी उठवा जागेवरून.  तरी प्रकरण वाढलं असतं. वाढलं नाही, ते ज्ञानेश्वरामुळं.

ज्ञानेश्वर हा काशीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. गळ्यात माळ, कपाळी गंध, दारू-मटणाला शिवायचं नाही, रोज संध्याकाळी देवळाच्या पत्र्याखाली हरिपाठ. त्यानं पाच माणसांत सांगून टाकलं, दिवा वैनीच लावील. विषय संपला. आणि त्याच्या आधी, काशीचा नवरा धाकलू जेव्हा पोट फुगून रक्त ओकायला लागला, तेव्हा ह्याच ज्ञानेश्वरानं आपल्या टेम्पोत गादी टाकून त्याला उल्हासनगरला नेलं आणि चार दिवस उशाशी बसला. धाकलूला दारूनं नेलं. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी.

तेराव्याचं जेवण आटपलं आणि काशीनं चौदा बायका गोळा केल्या. गावाच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी आहे, आदिवासींची चाळीसेक घरं. तिथं मोहाची दारू निघायची आणि धाकलू तिथंच प्यायचा, भिमीच्या पडवीत. बायकांनी हंडे फोडले, मडकी फोडली, नळ्या वाकवल्या. सगळ्यात मोठा हंडा भिमीचा. तो काशीनं स्वतःच्या हातानं फोडला, पहारीनं, तीन घावांत. भिमी दारात उभी राहून म्हणाली, "तुझ्या दाल्ल्याला मी बोलवाया नाय गेल्ते."  काशीनं फुटलेल्या हंड्यावर चौथा घाव घातला.

पुढं ज्ञानेश्वरानं ग्रामसभेत दारूबंदीचा ठराव केला. बायकांना टेम्पोत घालून मुरबाडच्या पोलीस ठाण्यात नेलं. दारू मेली नाही, पण खाली बसली. गावातली दोन-तीन पोरं वाचली, हे काशी बोटावर मोजून दाखवते, नावासकट. तेव्हा ज्ञानेश्वर सरपंचकीला उभा राहिला तर काशीचं मत कुणाला, हा प्रश्नच नव्हता. सूर्य कुठं उगवणार असं कुणी विचारतं का?

प्रश्न भादव्यात सुरू झाला.

ठाकरवाडीच्या खालच्या बाजूला ज्ञानेश्वराची वडिलोपार्जित वरकस, भात न होणारी माळाची जमीन आहे. तिच्या एका कोपऱ्यात वाडीची मसणवट. किती पिढ्यांची, कुणी सांगू शकत नाही. वाडीवाले माणूस पुरतात, वर दगड रचतात, दगडांना चुन्याचा पट्टा मारतात. कागदावर मात्र तिथं काही नाही, सातबाऱ्यावर ज्ञानेश्वराचंच नाव. दोन वर्षांपूर्वी त्यानं त्या जमिनीचे प्लॉट पाडले. कल्याण-ठाण्याच्या लोकांना फार्महाऊससाठी. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप.

भादव्यात भिमीचा नवरा मंगळू गेला. कावीळ म्हणे. काशी गवताचा भारा घेऊन त्याच वाटेनं येत होती. फाटकापाशी तिरडी खाली ठेवलेली, वाडीची माणसं उन्हात बसलेली, भिमीची पोरगी रविना फोनवर कुणाला तरी विनवतेय. ज्ञानेश्वर आळंदीला गेलेला, किल्ली त्याच्या माणसाकडं, न् तो माणूस म्हणतो मालकाला विचारल्याशिवाय नाही. काशी तिथं भारा डोक्यावर घेऊन उभी राहिली. तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते तिनं नंतर सुनेला सांगितलं, लपवलं नाही. पहिल्यांदा आलं, दारूवालीचा दाल्ला दारूनंच मेला, बरं झालं. मग तिनं मंगळूचे पाय पाहिले. चादर आखूड होती. पाय उघडे. माश्या बसत होत्या आणि कुणीतरी टाकळ्याच्या डहाळीनं हाकत होतं.

तीन वाजता त्यांनी तिरडी उचलली आणि ओहळाच्या काठी नेऊन पुरली. ओहळ भरून चाललेला. तिसऱ्या दिवशी काठ खचला. मंगळूला परत काढून वर माळावर पुरावं लागलं. एका माणसाला दोनदा.

ज्ञानेश्वर आळंदीहून आल्यावर त्याला वाईट वाटलं, हेही खरं आहे. तो वाडीवर गेला, हात जोडले. पण फाटक उघडलं नाही. आणि कार्तिकात निवडणूक लागली तेव्हा रविना त्याच्या समोर उभी राहिली. बारावी झालेली, आशा वर्कर, सव्वीस वर्षांची. तिचा एकच मुद्दा, मसणवट मोकळी करा.

आता उंबरखोऱ्याची एक रीत समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. भात कापून झालं की 'नवं' करतात. प्रत्येक घर आपल्या नव्या तांदळाची एक मूठ देवीपुढं आणतं. सगळ्या मुठी एका सुपात ओततात, कालवतात, आणि मग त्याच सुपातून एकेक मूठ घरी नेऊन आपल्या भातात शिजवतात. म्हणजे कुणाचं पीक बुडालेलं असो, कुणाचं पोत्यांनी आलेलं असो, त्या दिवशी सगळं गाव सगळ्यांचं खातं. चांगली रीत आहे. कुणी लिहून ठेवलेली नाही म्हणून अजून चांगली आहे.

ह्या वर्षी तिला एक कलम जोडलं गेलं. ज्ञानेश्वराच्या माणसांनी ठरवलं की मूठ लगेच शिजवायची नाही. देवघरात ठेवायची, मतदान होईपर्यंत. मूठ घेताना देवीच्या पायाला हात लावून म्हणायचं, गावाचा शब्द एक, ज्ञानेश्वर. निवडून आला की त्या तांदळाची खीर. देवीसाठी सभामंडपही होणार होता, ज्ञानेश्वराच्या पैशानं. पाया खणून तयार. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. काशीलाही नाही. सूप तिच्या हातात होतं. तिनंच कालवले तांदूळ, तिनंच पहिली मूठ घेतली, तिनंच सगळ्यात आधी मोठ्यांदा म्हटलं. दारूबंदीवाल्या ज्ञानेश्वराला नाही, तर काय दारूवालीच्या पोरीला द्यायचं मत?

त्या शुक्रवारी ती दिवा लावायला गेली. वातीला तेल घातलं, काडी ओढली, आणि मागं वळताना नजर मंडपाच्या पायात गेली. ट्रॅक्टरनं दोन ट्रॉल्या दगड आणून टाकले होते. त्यातल्या एकावर चुन्याचा पट्टा होता. मग दुसरा दिसला. मग तिसरा.

काशी पायाच्या खड्ड्यात उतरली. हातानं दगड उलटेपालटे केले. सात मोजले आणि मग मोजायचं सोडलं. दिवा लावायचा राहिलाय हे बोटांत धरलेली विझलेली काडी दिसल्यावर तिला कळलं.

घरी आली ती बसली नाही. चुलीवरचं ठेवलं ते करपलं. गोठ्यात गेली, परत आली, कशाला गेले होते हे विसरली. सून नम्रता हुशार आहे, मुरबाडला कॉलेज करून आलेली. तिनं सासूच्या मागं लागून सगळं काढून घेतलं न् तिला जे सोपं वाटलं ते सांगितलं. मत गुप्त असतं, आई. तांदूळ देवघरात राहू द्या, मत द्यायचं त्याला द्या. बटन दाबताना देवी काय मशीनमधी डोकावत नाय.

"डोकावत नसंल तर ती देवी कसली," काशी म्हणाली.

बघा, इथं भलेभले चुकतात. वस्तीवर झोळ्या अडकवून येणारे कार्यकर्ते, पेपरात लेख लिहिणारे, सगळ्यांना वाटतं की बाईला शपथेतून सोडवलं की झालं, तिला कायदा समजावून सांगितला की झालं. काशीला कायदा माहीत होता. दारूबंदीच्या वेळी तिनं ठाणे अंमलदाराला कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. तिची गाठ कायद्यात नव्हती. देवीला दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि माणसाच्या छातीवरचा दगड काढून देवीचा मंडप बांधायचा नाही. दोन्ही गोष्टी तिला देवीनंच शिकवलेल्या. एक पाळली की दुसरी मोडते. आणि तिसरी गोष्ट धाकलू. ज्या पडवीनं त्याचा जीव घेतला तिला आता ह्याच गावाची सरपंचकी द्यायची?

शनिवारी ती ज्ञानेश्वराकडं गेली. त्याला पहिली संधी द्यायची, हे तिनं मनाशी ठरवलेलं. तो ओटीवर मतदारयादी घेऊन बसला होता. वैनी म्हणून उठला, चहा सांगितला. तिनं विचारलं, भावजी, मंडपाच्या पायात धोंडे कुठले आलेत. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. ट्रॅक्टरवाल्यानं प्लॉट साफ करताना निघालेले दगड जवळ पडले म्हणून आणून टाकले असतील. कळल्यावर त्याचा चेहरा क्षणभर उतरला. काशीनं ते पाहिलं. तिथं तिला आशा वाटली. ती म्हणाली, धोंडे परत ठेवा, फाटक उघडा, तेवढा कोपरा वाडीला सोडा. म्या स्वतः भाकरी बांधून तुमच्या प्रचाराला फिरते.

ज्ञानेश्वरानं बराच वेळ यादीची पानं सरळ केली. मग त्यानं समजावून सांगितलं. त्या कोपऱ्याचे दोन प्लॉट गेलेत. आता सोडले तर बाकीची गिऱ्हाइकंही बिचकतील, आणि मंडपाचा पैसा त्यातूनच यायचाय. निवडून आल्यावर वाडीला सरकारी जागा मिळवून देईन, माळेला हात लावून सांगतो. दगड म्हणजे काय, दगडच. देवीच्या पायाशी आले तर त्यांचंही सोनं झालं.

काशीनं चहा प्यायला नाही. कप तसाच ठेवून उठली.

तिथून ती सरळ वाडीवर चढली. हंडा फोडला त्यानंतर नऊ वर्षांत पहिल्यांदा. भिमीच्या अंगणात रविना लसीकरणाचं रजिस्टर भरत होती. तिनं काशीला बसायला गोणपाट टाकलं. काशी बसली नाही. उभ्यानंच विचारलं, निवडून आलीस तर आयची दारू बंद करशील काय.

आता दुसरी कुणी उमेदवार असती तर हो म्हणाली असती. मताला दारात आलेल्या बाईला कोण नाही म्हणतं? रविनानं पेन खाली ठेवलं.

"मी हो सांगन आन् आय करलच," ती म्हणाली. "काकी, माना खोटं नाय बोलायचं. आय माझा ऐकत नाय. तुमी हंडा फोडलात तवा मी शालेत होते. त्या दिशीपासना सांगतंय तिला."

"मग तू सरपंच होऊन काय करशील?"

"बापाला तिसऱ्यांदा उचलीन. जागेवर नेऊन ठेवीन. येवढा नक्की."

काशी तिथून निघाली. घराला वळसा घालताना तिच्या नाकाला वास लागला. पडवीच्या मागं कारवीच्या कुडाआड मोह भिजत घातलेलं मडकं होतं. काशीनं इकडंतिकडं पाहिलं, एक धोंडा उचलला न् मडकं फोडलं. आवाजानं भिमी धावत आली. नवरा जाऊन दोन महिने झालेली, कपाळ मोकळं, हातात विळा. दोघी समोरासमोर.

भिमी म्हणाली, "पोरीला मत द्याया आलीस का मडका फोडाया?"

"दोनी," काशी म्हणाली.

भिमीला हसू फुटलं, मग रडू.  काशी तशीच उतारावर चालायला लागली. दोनी हा शब्द आपल्या तोंडून गेला, म्हणजे आपलं ठरलं की काय, हे तिला अर्ध्या उतारावर कळलं. धाकलूला काय सांगू, असं ती वाटभर पुटपुटत होती. 

पुढचे दोन दिवस तिनं देवघराकडं पाठ करून काढले. तिथं तांब्याच्या वाटीत ती मूठ होती.

मंगळवारी संध्याकाळी हरिपाठाला पन्नासेक माणसं जमली होती. काशीनं दिवा लावला. सगळं रीतीप्रमाणं केलं. अभंग संपून आरती व्हायच्या आत ती पुढं झाली, पदराची गाठ सोडली आणि तांदूळ देवीच्या पायाशी ओतले. म्हणाली, माझा शब्द मी माघारी घेतंय.

देवीचा पुजारी कोंडूतात्या सत्तरीचा. त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो चिडला नाही, त्यानं अक्कल चालवली. तो म्हणाला, "काशे, तुझ्या मुठीतले दाणे तुझे हायत कुठं? ते सगल्या गावाचे. आन् तुझे दाणे गेले सगल्यांच्या घरात. माघारी काय घेशील आन् देशील काय?"

लोक हसले. बिनतोड होतं. कुणीतरी मागून म्हणालं, घरोघर जा आन् वेच.

काशी हसू थांबेपर्यंत थांबली.

"दाणे शिजवा न् जेवा, तात्या. त्याला माझी ना नाय. नवं सगल्यांनी सगल्यांचं खायाचं, ही देवीची रीत. त्यात मत कुणी कालवलं? मी सूप धरलं, मीच कालवलं, माझा गुन्हा. तेवढंच बाहेर काढतंय."

मग तिनं मंडपाच्या पायाकडं हात केला न् कुठले दगड आहेत ते सांगितलं. बऱ्याच जणांना ठाऊक होतं. ज्यांना नव्हतं त्यांनी खाली पाहिलं.

ज्ञानेश्वर टाळ गळ्यात तसाच ठेवून उठला. आवाज चढवला नाही. तो तसा माणूस नाही.

"वैनी, दादाची तरी आठवण ठेवा. कुणाच्या दारात संपला तो."

"तीच ठेवून आले, भावजी. पर त्याला जालायला जागा होती."

 काशीनं देवीपुढं डोकं टेकलं, उठली. कुणाला मत देणार हे तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. ती पायऱ्या उतरत असताना ज्ञानेश्वरानं कोंडूतात्याला शांतपणे सांगितलं की शुक्रवारपासून दिवा दुसरी कुणी लावील. नऊ वर्षांपूर्वी ज्या तोंडानं दिला, त्याच तोंडानं काढला.

बायकांचं काय झालं, तेही ऐका. दुसऱ्या दिवशी भागीरथी नावाची एक म्हातारी भर दुपारी आली, देवळात कुणी नसताना मूठ ठेवून गेली. आणखी एकीनं तसंच केलं. बाकीच्या पाच-सहा जणी काशीला नळावर गाठून हळूच म्हणाल्या, आमीबी तुझ्यासारखंच करणार, पर तांदूळ घरातच ठेवतो, कशाला बोभाटा. काशीला वाटलं होतं धीर येईल. उलट डोकं फिरलं. देवीला येडी समजता काय, म्हणून ती त्यांच्यावरच डाफरली, आणि त्यातल्या दोघींनी मग खरंच ज्ञानेश्वराला मत दिलं. राग हा असा असतो. त्यानं दोन मतं घालवली.

रविवारी मतदान झालं. शाळेच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागं काशी उभी राहिली. बाहेर तिचं ठरलेलं होतं. आत गेल्यावर बोट हलेना. दारू जिवंत माणूस खाते, मसणवटीतला तर मेलेलाच, असं एकदा मनात आलं. मग आलं, मेलेला काहीच बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीनं बोलायचं. मग परत धाकलू. अधिकाऱ्यानं हाक मारली, आजी, लवकर करा. काशीनं डोळे मिटले नाहीत. नाव वाचलं, चिन्ह पाहिलं, रविनाचं बटण दाबलं. लांब शिट्टी वाजली. बाहेर आली तर नम्रतानं विचारलं, हलकं वाटतं का. काशी म्हणाली, नाय गो, तसंच हाय.

सोमवारी निकाल लागला. ज्ञानेश्वर एकोणीस मतांनी निवडून आला. गावात गुलाल उधळला, देवघरातल्या तांदळाची खीर झाली. काशीच्या घरी कुणी वाटी पाठवली नाही. तिला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. वर्षाचं नवं तिच्या घरात शिरलंच नाही.

तिला अजून झोप धड लागत नाही. शुक्रवार आला की हात तेलाच्या बाटलीकडं जातो. भिमीकडं परत मोह भिजतोय, हेही तिच्या कानावर आहे, आणि गावातला एक पोरगा डुलत घरी आला त्या दिवशी त्याच्या आयनं काशीच्या दारात येऊन शिव्या घातल्या. काशीनं ऐकून घेतल्या. त्या बाईचं चुकलं असं तिला वाटत नाही. आपलं चुकलं असंही वाटत नाही. दोन्ही घेऊन ती फिरते.

पण फिरते म्हणजे नुसती फिरत नाही. मंडपाच्या पायावर आता सिमेंट पडलंय, दगड आत गेले. फाटकाला कुलूप तसंच, वर नवा रंगीत बोर्ड. सरकारी जागेचा अर्ज कुठं आहे ते ज्ञानेश्वरालाच माहीत. दर रविवारी कल्याणहून, ठाण्याहून गाड्या येतात प्लॉट बघायला. काशी भाकरी आटपून फाटकाअलीकडं रस्त्याखालून पाणी जातं त्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसते, एक गुडघा उभा ठेवून. गाडी आली की हात करते. काच खाली झाली की सांगते, त्या कोपऱ्यात माणसं पुरलीत, नावं सांगू काय. दलाल तिला खुळी म्हणतो. एक कुटुंब ऐकून मागं फिरलं. दुसऱ्यानं हसून काच वर केली. ज्ञानेश्वरानं निरोप पाठवला की वैनी, भावकीत शोभत नाही. तिनं उलट निरोप पाठवला की फाटक उघडा, मी घरी बसते.

ह्या बाईचा सत्कार करायला जाऊ नका. शाल-नारळ घेऊन गेलात तर ती हाकलून देईल, आणि बरं करील. पण तुमच्यातले कितीतरी जण सुट्टीला त्या रस्त्यानं जातात, धबधबे बघतात, हवा चांगली आहे म्हणतात आणि दोन-चार गुंठे मिळतात का ते विचारतात. तुमच्या घरीही देव असेल, त्याला फुलं वाहत असाल. तेव्हा एवढं करा. दलाल जागा दाखवायला लागला की कागद मागायच्या आधी गाडीतून खाली उतरा, मोरीवर किंवा झाडाखाली जे कुणी बसलं असेल त्याच्यापाशी जा आणि विचारा, ह्या जमिनीखाली कोण आहे. आणि उत्तर मिळालं, तर सही करू नका.